रावबाजींचं घर

दुसरे बाजीराव, म्हणजे रावबाजी, पुण्यात पेशवे होते ते जेमतेम साडेएकवीस वर्षं. १७९६ च्या डिसेंबरात वस्त्रं मिळाली आणि १८१८ च्या ३ जूनला असीरगडाजवळ इंग्रज अधिकारी जॉन माल्कमच्या छावणीत ती उतरवून ठेवावी लागली. त्यानंतर ते आणखी साडेबत्तीस वर्षं जगले. ती जवळजवळ सगळी एकाच गावात गेली, कानपूरपासून पंचवीसएक किलोमीटरवर गंगेकाठी, ब्रह्मावर्त ऊर्फ बिठूरला. म्हणजे पुण्यात राज्य केलं त्याच्या दीडपट काळ हा माणूस तिथे नुसता राहिला. शाळेत मात्र हा काळ एका वाक्यात उरकतात आणि पुढचा धडा सुरू होतो. मी तर पुण्याची. शनिवारवाड्याच्या पटांगणात माझं बालपण गेलं, पण रावबाजी पुढे कसे राहिले, कुठे राहिले, काय खाल्लं-प्यायलं हे मला चाळिशी ओलांडेपर्यंत कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

भाचा कानपूरच्या आयआयटीत शिकतो. त्याला भेटायला गेले तेव्हा नकाशात दिसलं की बिठूर त्याच्या हॉस्टेलपासून अगदी जवळ आहे. कल्याणपूरहून ग्रँड ट्रंक रोडने मंधनापर्यंत जायचं आणि तिथून उजवीकडे वळायचं. मंधनाहून एक छोटा रेल्वेफाटाही गंगेकडे जातो आणि त्याच्या शेवटच्या स्टेशनचं नाव आहे ब्रह्मावर्त. त्या स्टेशनावर उतरायची मला फार हौस होती. पण गाड्या मोजक्या, वेळा अडनिड्या, आणि भाच्याला दुपारी लॅब. शेवटी टेम्पोने गेलो. रस्त्याला वीटभट्ट्या, बटाट्याची कोल्ड स्टोरेजं, पेरूच्या गाड्या. पेशव्यांच्या गावाला निघालोय असं वाटायला लावणारं काहीही नाही.

"मावशी, तिथे काहीच नाहीये हां," भाच्याने आधीच बजावलं होतं. "आमच्या हॉस्टेलची मुलं घाटावर जातात, बोटीत बसतात आणि परत येतात."

त्याचं तसं बरोबर होतं. नानासाहेबांच्या नावाचं एक स्मारक-उद्यान आहे. तिकीट काढून आत गेलं की हिरवळ, पायवाटा, नानासाहेबांचा पुतळा, एक संग्रहालय. शाळेच्या सहली येतात, जोडपी येतात, रविवारी डबे उघडून बसलेली कुटुंबं येतात. वाडा म्हणून बघायला गेलात तर विटांच्या भिंतीचे काही तुकडे आणि जुन्या विहिरी. त्या भागात लखौरी म्हणतात तशा बोटभर जाडीच्या, पसरट विटा, चुन्यात बसवलेल्या. भिंतीच्या तुटक्या बाजूने पाहिलं की थर मोजता येतात. कुठे दार असेल, कुठे दिवाणखाना, कुठे मुदपाकखाना, याचा अंदाज करायलासुद्धा पुरेसं काही उरलेलं नाही.

मी आजवर बरेच पडके वाडे पाहिले आहेत. आपल्याकडे वाडा पडतो तो एका ठरावीक क्रमाने. आधी भाऊबंदकी, मग कोर्ट, मग कुलूप. पावसाळ्यात कौलं सरकतात, माळवद गळतं, तुळईला वाळवी लागते. एक दिवस मधला मजला खाली येतो आणि चौकात पिंपळ उगवतो. पन्नास-साठ वर्षांचं हे काम असतं आणि त्यात कोणा एकाचा हात नसतो. अशा वाड्यात हिंडताना हळहळ वाटते, पण राग येत नाही. बिठूरला तसं झालं नाही. हा वाडा पडलेला नाही, तो पाडलेला आहे, तारीखवार, हुकुमाने, सुरुंगाची दारू मोजून. त्यामुळे तिथे उभं राहिल्यावर 'कालाय तस्मै नमः' असलं काही सुचत नाही. डोक्यात चौकशी सुरू होते.

त्या चौकशीत मला नानासाहेबांपेक्षा आधी त्यांचे वडील भेटले. उद्यानात नानासाहेब आहेत, तात्या टोपे आहेत, मनू आहे. ज्याने हे घर मांडलं, तिथेच म्हातारा होऊन जो मेला, तो घरधनी मात्र त्याच्या घराच्या जागेवर कुठे ठसठशीत दिसत नाही. त्याचं कारण उघड आहे. वसईचा तह त्यांनी केला. विठोजी होळकराला हत्तीच्या पायी त्यांनी दिलं. खडकीची लढाई ते पर्वतीवरून बघत होते, आणि पुढचे सात महिने त्यांचं सैन्य लढत मागे सरकत असताना ते पुढे पळत होते. अष्टीला बापू गोखले पडले तेव्हाही हे निसटलेलेच. यातलं काही खोटं नाही आणि मला त्यांची वकिली करायची नाही.

पण घर बघायला गेलं की माणूस घराच्या बाजूने दिसू लागतो. रावबाजींचा जन्म १७७५ सालचा, धारच्या किल्ल्यातला. बाप राघोबादादा, आई आनंदीबाई, आणि बाहेर नारायणरावाच्या खुनाचं प्रकरण. राघोबा १७८३ मध्ये कोपरगावला वारले. त्यानंतर या मुलाचं वाढणं म्हणजे नाना फडणिसांच्या नजरकैदेतलं वाढणं. कोपरगाव, आनंदवल्ली, मग जुन्नर. एकविसाव्या वर्षी हा मुलगा कैदेतून निघतो तो थेट मसनदीवर बसतो. पहारेकरी, परवानगी, पत्रं उघडून वाचणारे कारकून, हे सगळं त्याला राज्याच्या आधीपासून ओळखीचं होतं.

म्हणूनच की काय, पेशवे झाल्यावर त्यांनी घरं बांधण्याचा सपाटा लावला. शनिवारवाड्यात त्यांचं मन रमलं नाही. बुधवारवाडा, शुक्रवारवाडा, विश्रामबागवाडा, आणि पुण्याबाहेर भीमेकाठी फुलगावचा वाडा. दरबार पुण्यात आणि धनी फुलगावात, अशी त्या वेळच्या वकिलांची आणि इंग्रज रेसिडेंटची कायमची तक्रार. शुक्रवारवाडा १८२० मध्ये जळला, बुधवारवाडा १८७९ मध्ये. विश्रामबागवाडा तेवढा राहिला. त्याचे सुरूचे खांब, केळफुलाची नक्षी अजून पाहता येते. राज्यकर्ता म्हणून त्यांना गुण द्यायला हात आखडतो, पण गावाबाहेरच्या घराची चव या माणसाला खरोखर होती. नदी हवी, बाग हवी, देऊळ हवं, शहराचा गलका नको. आणि गंमत अशी, की राज्य गेल्यावर नशिबी नेमकं तेच आलं.

बाजीराव शरण येताना माल्कमने जे कबूल केलं त्यात सालीना आठ लाखांचा तनखा होता आणि राहायला उत्तरेतलं एखादं तीर्थक्षेत्र. कलकत्त्याला गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जला ही रक्कम फार वाटली. पण त्रेचाळिशीचा, रगेल आयुष्य काढलेला माणूस फार दिवस टिकणार नाही, असा त्यांच्याकडचा होरा होता. होरा चुकला. दरसाल आठ लाख रुपये याप्रमाणे तेहेतीस वर्षांचे दोन कोटी चौसष्ट लाख होतात. कंपनीला पेशवा लढून जेवढा महाग पडला नसेल तेवढा तो जगून पडला, असं माझं आपलं मत.

त्या आठ लाखांत नुसता वाडा नव्हता, एक अख्खं गाव होतं. बाजीरावांबरोबर हजारो माणसं आली होती. आश्रित, पुजारी, शागीर्द, कारकून, घोडेवाले, आचारी, गवई, वैद्य, आणि त्यांची बायकामुलं. वाड्याभोवतीच्या जहागिरीच्या जमिनीला आराजी लश्कर म्हणत. तिथे कंपनीची दिवाणी न्यायालयं चालत नसत, श्रीमंतांचा शब्द चाले. गावात कंपनीचा कमिशनर बसलेला असे, तो फक्त नजर ठेवायला. पुण्याचं राज्य आक्रसून एवढं झालं होतं. जमाखर्च, मुदपाकखाना, श्रावणातली दक्षिणा, गणपती, आणि कुठल्या वाटेला कोण लागलं याच्या चाड्याचुगल्या.

या गावात कोकणातल्या कर्जतजवळच्या वेणगावचे माधवराव भट आले, त्यांचा मुलगा धोंडोपंत बाजीरावांनी १८२७ मध्ये मांडीवर घेतला. तेच नानासाहेब. येवल्याचे पांडुरंगपंत आले, त्यांचा मुलगा तात्या टोपे. काशीला बाजीरावांचे भाऊ चिमाजीअप्पा वारल्यावर त्यांच्या पदरचे मोरोपंत तांबे लेकीला घेऊन इथे आले, ती मनू, १८४२ मध्ये लग्न होऊन झाशीला गेली. तिघांची घराणी रायगड, नाशिक आणि सातारा जिल्ह्यांतली, आणि तिघं जमली उत्तर हिंदुस्थानातल्या एका पेन्शनीत निघालेल्या माणसाच्या आवारात. इतिहासाच्या पुस्तकांतून ही तीन नावं एकदम पेटून उठलेली दिसतात. पण त्याआधी कितीतरी वर्षं ती या आवारातल्या एकाच स्वयंपाकाच्या धुरात होती.

विटांच्या त्या भिंतीशी बसून मी भाच्याला हे सांगत होते. तो फोनवर काहीतरी बघत होता, पण ऐकत असावा, कारण मध्येच त्याने विचारलं, "मग ते इतकी वर्षं करत काय होते?"

प्रश्न रास्त आहे. पूजाअर्चा, दानधर्म, लग्नं. बिठूरला आल्यावरही त्यांनी लग्नं केली; वारस हवा होता, मुलगे जगत नव्हते. घाट बांधले, देवळं बांधली. आणि एक गोष्ट केली जी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा दोनदा वाचावी लागली. त्यांनी कंपनीला पैसे उसने दिले. अफगाण युद्धात कंपनीचा खजिना आटला तेव्हा बिठूरहून पाच लाखांचं कर्ज गेलं. पुढे पंजाबातून शिखांची धास्ती पडली तेव्हा एक हजार स्वार आणि एक हजार पायदळ स्वतःच्या खर्चाने उभं करून देण्याची तयारी त्यांनी दाखवली. ज्या पुण्याच्या वाड्यावर १७ नोव्हेंबर १८१७ ला इंग्रजांचं निशाण चढलं, तिथला धनी इंग्रजांना फौज देऊ करतो! याला लाचारी म्हणावं की कैदेत वाढलेल्या माणसाचा अक्कलहुशारीचा हिशेब, हे मला ठरवता आलेलं नाही. पहारेकऱ्याला खूश ठेवलं तर पुढच्या पिढीला सुटका मिळेल, असा तो हिशेब असेल तर तो साफ फसला.

२८ जानेवारी १८५१ ला ते गेले. मृत्युपत्र आधीच, १८३९ मध्ये, करून ठेवलेलं. गादी, दौलत, सगळं नानासाहेबांना. कंपनीने तनखा तिथल्या तिथे बंद केला. डलहौसीचं उत्तर नमुनेदार आहे. तेहेतीस वर्षं पेशव्याने एवढा पैसा घेतला, त्याच्यावर राज्याचा कसला खर्च नव्हता, पोटचा मुलगा नव्हता, आणि घरच्यांसाठी अठ्ठावीस लाख ठेवून गेला आहे, तेव्हा आता आणखी कशाला? वाड्यातली हजारो तोंडं त्या हिशेबात कुठेच धरलेली नाहीत. १८५३ मध्ये नानासाहेबांचा वकील अजीमुल्ला खान त्यांची कैफियत घेऊन लंडनला गेला आणि हात हलवत परत आला. येताना वाटेत क्रिमियाच्या युद्धात इंग्रजांची दाणादाण पाहून आला, तेवढीच कमाई.

नानासाहेबांच्या काळातला वाडा आतून कसा होता हे कळतं ते एका पाहुण्यामुळे. जॉन लँग नावाचा, ऑस्ट्रेलियात जन्मलेला वकील होता. झाशीच्या राणीनेही त्याचा सल्ला घेतला होता. तो बिठूरला पाहुणा म्हणून राहिला आणि मग त्याने तिथल्या जेवणाची यथेच्छ टिंगल केली. वीस फुटी टेबल, त्यावर उंची विलायती कापड, पण नॅपकिनच्या जागी निजायच्या खोलीतला टॉवेल. सूप भलत्याच भांड्यात, क्लॅरेट वाइन शँपेनच्या पेल्यात. बदली होऊन जाणाऱ्या साहेबांच्या लिलावांतून घेतलेलं फर्निचर, कुठलंही कुठेही ठेवलेलं.

त्याची ही हकीकत मी वाचली तेव्हा आधी हसू आलं आणि मग जरा चीड आली. या घरात खुद्द धन्याला टेबल लागतच नव्हतं. तो सोवळ्यात, पाटावर, केळीच्या पानावर जेवणारा. हे सगळं टेबल-खुर्च्यांचं नाटक कानपूरच्या साहेबांसाठी मांडलेलं. अधिकारी येत, शिकारी करत, नानांच्या खर्चाने खात-पीत आणि जाताना शालजोडी घेऊन जात. नानासाहेब मात्र त्यांच्याकडे कधी जेवायला गेले नाहीत, कारण कंपनी त्यांना तोफांची सलामी द्यायला तयार नव्हती. बोलावणं घ्यायचं तर मानाने, नाहीतर नाही. टॉवेल कोणता आणि नॅपकिन कोणता याची पर्वा न करणारा माणूस सलामीच्या बाबतीत एवढा काटेकोर होता, हे लँगच्या ध्यानात आलेलं दिसत नाही.

मग १८५७. जूनमध्ये कानपूर उठलं. इंग्रजांच्या मोर्चाला वेढा पडला, तह झाला, आणि २७ जूनला सतीचौरा घाटावर होड्यांत बसलेल्या लोकांवर गोळीबार झाला. जुलैच्या सुरुवातीला नानासाहेब बिठूरला आले आणि या वाड्यात त्यांना पेशवेपदाचा अभिषेक झाला. शनिवारवाड्यावर निशाण चढल्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी पुन्हा पेशवाई, पुण्यापासून हजारावर किलोमीटर लांब. ती टिकली पंधरवडाभर. १५ जुलैला बीबीघरात सुमारे दोनशे कैदी बायका-मुलांची कत्तल झाली. हुकूम कोणाचा यावर आजही वाद आहेत. पण कत्तल झाली हे खरं, आणि उद्यानातल्या पुतळ्यापुढे उभं राहताना ते विसरून चालत नाही. १७ जुलैला इंग्रज सेनापती हॅवलॉक कानपुरात शिरला. त्यानंतर नील या इंग्रज अधिकाऱ्याने जे सूड उगवले तेही तितकेच खरे.

नानासाहेब रात्री होड्यांतून गंगेपार निघाले. त्यांनी किनाऱ्यावरच्या लोकांना सांगून ठेवलं होतं म्हणे, की भर प्रवाहात दिवा विझला की मी गंगेला देह दिला असं समजा. दिवा विझला, काठावर आकांत झाला, आणि होडी अंधारात पलीकडे लागली. ही गोष्ट इंग्रज बखरकारांनी त्यांच्या कपटाचा पुरावा म्हणून सांगितली आहे. बाप पेशवाई सोडून महाराष्ट्रभर पळाला, मुलगा गंगेत बुडाल्याचं सोंग करून पळाला, असं कोणी खवचटपणे म्हणेलही. फरक एवढाच, की पळाल्यावर बापाने करार केला आणि मुलाने केला नाही.

दोनच दिवसांत इंग्रज तुकडी बिठूरला पोचली. वाडा रिकामा. त्यांनी आग लावली, दारूकोठार उडवलं. १६ ऑगस्टला गावाच्या तोंडाशी पुन्हा लढाई झाली. आणि डिसेंबरात, तात्या टोप्यांचा कानपूरवरचा हल्ला मोडून काढल्यावर, होप ग्रँटला मुद्दाम उरलंसुरलं पाडायला पाठवलं. देवळं सुरुंगाने उडवली, वाडा जमीनदोस्त केला. पुढे फील्ड मार्शल झालेला रॉबर्ट्स तेव्हा पंचविशीचा होता. त्याने घरी लिहिलं, की नानाच्या वाड्यात इंग्लंडातल्या बायकांनी अजीमुल्लाला लिहिलेल्या पत्रांचे ढीग सापडले. त्याचा संताप त्या पत्रांवर जास्त होता की बंडावर, असा प्रश्न पडतो.

पण या पाडापाडीत मला सर्वांत खिळवून ठेवते ती विहीर. वाड्यातलं सोनंनाणं विहिरीत टाकल्याची खबर लागली, तेव्हा सैन्याने ती उपसायला घेतली. ९३ व्या हायलँडर्स पलटणीतला सार्जंट फोर्ब्स-मिचेल तिथे होता आणि त्याने ते सगळं लिहून ठेवलं आहे. विहिरीवर लाकडी सांगाडा उभारला, लोखंडी कड्यांच्या मोठाल्या चामडी मोटा सोडल्या आणि बैलांच्या जागी गोऱ्या शिपायांना नाड्याला जुंपलं. पाळ्या लावून रात्रंदिवस काम. पाण्याला तोंड देत देत खाली गेल्यावर आधी रुपयांनी भरलेल्या पेट्या निघाल्या, मग सोन्याचांदीची भांडी, आणि तळाशी चांदीचा हौदा, पेशव्यांचा दरबारी. नुसती नाणीच तीस लाखांच्या वर होती असं तो म्हणतो. प्रत्येक शिपायाला हजारावर रुपये वाटा मिळेल, असं सांगितलं होतं. मिळाली नाही एक पैसुद्धा, हेही तोच लिहितो. म्हातारपणी कलकत्त्यात बसून लिहिताना ती दमडीन्‌दमडी त्याला आठवते आहे.

चांदीच्या हौद्यात बसून रावबाजी बिठूरच्या गल्ल्यांतून कुठे जात असतील? घाटावर, देवळात, परत वाड्यावर. कमिशनरला न कळवता लांब जायची सोय नव्हती. मैल-दीड मैलाच्या फेरीसाठी हत्ती सजवायचा, हौदा चढवायचा, भालदार-चोपदार पुढे, आणि दुतर्फा आपल्याच पगारावरची माणसं मुजरे करायला. हास्यास्पद आहे, कबूल. पण मी त्यावर हसू शकले नाही.

उद्यानातून निघून आम्ही घाटावर गेलो. ब्रह्मावर्त घाटावर ब्रह्मदेवाची खुंटी आहे, सृष्टी निर्माण केल्यावर त्याने इथे अश्वमेध केला आणि घोड्याच्या नालाचा खिळा राहिला, अशी श्रद्धा आहे. भाच्याने खुंटीचा फोटो काढला. तिथे धोतर-बंडीतले एक म्हातारे गुरुजी बसले होते. आमचं बोलणं ऐकून त्यांनी मान वर केली.

"पुण्याहून आलात आपण?"

मराठी, पण सूर पूर्ण कानपुरी. खापरपणजोबा श्रीमंतांबरोबर आले, तेव्हापासून इथेच, म्हणाले. घरात मराठी बोलता का, विचारलं, तर हसले. "मोठे बोलायचे. आता सूनबाई हिंदीच बोलतात. गणपती बसवतो मात्र. पुरणपोळीही होते, होळीला." त्यांच्या बोलण्यात बाजीरावांचं नाव एकदाही आलं नाही, प्रत्येक वेळी 'श्रीमंत'. श्रीमंतांनी हा घाट नीट केला, श्रीमंतांनी अमक्याला जमीन दिली. मी मुद्दाम म्हटलं, आमच्याकडे त्यांना पळपुटे म्हणतात. गुरुजींनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, "तर आम्हांला सोबत घेऊन पळाले ना."

यावर काय बोलणार? मी पुढे केलेली दक्षिणा त्यांनी घेतली आणि भाच्याला गोत्र विचारलं. त्याला सांगता आलं नाही. मग गोत्रावर एक छोटंसं व्याख्यान झालं, त्यात अर्धा तास गेला आणि लॅब बुडण्याची लक्षणं दिसू लागली.

परतीच्या टेम्पोत भाचा बराच वेळ गप्प होता. मंधनाचा फाटा आल्यावर म्हणाला, "ते मगाशी म्हणालीस ते फुलगाव कुठे आलं?"

"लोणीकंदच्या पुढे. तुळापूरजवळ, भीमेवर."

"म्हणजे आपल्या घरून तासाभराच्या अंतरावर?"

"साधारण."

"आणि तू ते पाहिलंयस?"

"नाही."

"ग्रेट. पुण्यात राहून फुलगाव बघायचं नाही आणि कानपूरला येऊन विटा मोजायच्या." मग जरा वेळाने, "दिवाळीत येईन तेव्हा जाऊ. बाइकवर."

"बाइकवर मी येणार नाही," मी म्हटलं. "नगर रोडला तर मुळीच नाही."